आधी पेन, मग पाणी, मासा शेवटी

भाचीबाई,

टाकी आली, मासे आले, आणि आता ते पेनाच्या आकाराचं पीएच मीटरही कुरियरवाल्याने किन्हवलीत आणून टाकलं. काल फोनवर म्हणालीस, "मामा, सकाळी ७.१ दाखवतं, संध्याकाळी ७.९. पाण्यात काय टाकू?" काही टाकू नकोस. पाणी बिघडलंय की पेन, हे ठरायचंय अजून. घरोघरी मासे दगावतात ते पुष्कळदा पाण्याने नव्हे, आकडा बघून घाईने ओतलेल्या बाटलीने. तेव्हा आधी पेनाची झडती घे, मग पाण्याची, आणि माशाला हात सगळ्यात शेवटी. खाली लिहिलंय ते एका बैठकीत वाचू नकोस. पेन समोर ठेव आणि एकेक करत जा.

१. टोपी काढ आणि खालचं काचेचं बोंड उजेडात धरून नीट बघ — मीटर म्हणजे खरं तर तेवढंच; वरचा सगळा डबा नुसता सेल आणि आकडे सांभाळायला आहे.

२. टोपीत किंवा बोंडाभोवती पांढरं, खारट काहीतरी साचलं असेल तर घाबरू नकोस, पाण्याखाली धुऊन टाक — कंपनीने बोंड ओलं राहावं म्हणून घातलेल्या पोटॅशियम क्लोराइडच्या पाण्याचं ते मीठ असतं, पेन खराब झाल्याची खूण नव्हे.

३. बोंड कोरडं ठणठणीत आलं असेल तर स्टोरेज सोल्यूशनमध्ये रात्रभर बुडवून ठेव आणि त्या दिवशी कॅलिब्रेशनचं, म्हणजे पेन जुळवायचं, नावही काढू नकोस — काचेच्या वरच्या पातळ थराने पाणी धरलं की मगच ती काच पाण्याशी बोलते. सुकलं बोंड, खोटं तोंड, हे लक्षात ठेव.

४. बोंडाच्या आत हवेचा बुडबुडा दिसला तर डॉक्टर जुना पाऱ्याचा थर्मामीटर झटकायचे तसं पेन दोनदा खाली झटक — बुडबुडा काचेला चिकटून बसला की आकडा जागेवर थांबत नाही.

५. बोंडाला बोट लावू नकोस, विशेषतः भजी तळून आल्यावर — तेलाचा थर काचेवर बसतो आणि मग पेन तासभर विचारच करत बसतं.

६. पुसायचं म्हणजे घासायचं नाही; टिश्यू पेपर नुसता टेकव, थेंब तो ओढून घेईल — काच घासली की तिच्यावर वीज साचते आणि आकडा उगाच इकडेतिकडे पळतो. ओढणीचं टोक तर नकोच, मला माहीत आहे तुझा हात तिकडेच जाणार.

७. पेन रेघेपर्यंतच बुडव, पण बोंडाशेजारचा तो बारीक पांढरा ठिपकाही पाण्याखाली गेला पाहिजे — बोंड आणि ठिपका दोघांना पाणी लागलं तरच मोजणी होते. आणि रेघेच्या वर गेलीस तर पाणी सेलच्या घरात.

तू विचारशील की हे पीएच प्रकरण काढलं कोणी. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने. ती प्रयोगशाळा बिअरवाल्यांची, हे आजीला सांगायची गरज नाही. पुढे १९३४ च्या सुमारास अमेरिकेत बेकमन यांनी हे मोजायचं विजेचं यंत्र बनवलं, तेही लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायला अडलेल्या मित्रासाठी. म्हणजे बिअर आणि लिंबू यांच्यासाठी जन्मलेली वस्तू तू गप्पींसाठी वापरते आहेस. वापर, पण तिच्या रीतीने.

८. पेनाबरोबर तीन पुड्या आल्या असतील, ४.०१, ६.८६ आणि ९.१८, प्रत्येक पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात ती विरघळव, बहुतेक २५० मिलीच असतं; तयार होतं त्या पाण्याला बफर म्हणतात — माप जरासं चुकलं तर बफर सांभाळून घेतं, पण "अंदाजे एक तांब्या" हे माप नव्हे.

९. पाणी घ्यायचं ते डिस्टिल्ड. गॅरेजमध्ये इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं ते चालेल, सीलबंद बाटली बघून घे — विहिरीच्या पाण्यात आधीच क्षार असतात, आणि स्वयंपाकघरातल्या फिल्टरच्या पाण्यातही थोडे उरतात.

१०. पुडी झटकून झाली की तिच्यात थोडं पाणी घालून तेही ओतून घे — कोपऱ्यात अडकलेली चिमूट बाहेर राहिली तर पुडीचा आकडा पुडीतच राहतो.

११. तिन्ही बाटल्यांवर आकडा आणि तारीख लगेच लिही, "मला आठवेल" म्हणू नकोस — तिन्ही पाणी दिसायला सारखीच. आणि देवघराच्या आसपास ठेवू नकोस, तुझी आजी तीर्थ म्हणून पळीभर हातावर घेईल.

१२. ९.१८ ची पुडी म्हणजे आपला टाकणखारच, पण म्हणून दुकानातला टाकणखार आणून स्वतः करायला जाऊ नकोस — शुद्ध टाकणखार लिटरला ३.८ ग्रॅम असा तोलून घ्यावा लागतो, आणि वाण्याचा तराजू त्यासाठी जन्मलेला नाही.

१३. याच ९.१८ च्या बाटलीचं बूच सगळ्यात घट्ट लाव आणि तिच्यावरच सगळ्यात कमी विश्वास ठेव — हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ती हळूहळू खाली उतरते, आणि उतरलेल्या बाटलीवर जुळवलेलं पेन तितकंच चुकीचं होतं. महिन्याभराने नवी पुडी फोड, पुडी काही सोन्याची नसते.

१४. वापरताना छोट्या काचेच्या ग्लासात बोंड बुडेल इतकंच ओत आणि झाल्यावर फेकून दे, परत बाटलीत टाकू नकोस — आंघोळीचं पाणी परत हंड्यात घालत नाहीत, एवढं तर तुझ्या आईने शिकवलं असेल.

आता मुख्य काम. यात अवघड काही नाही, फक्त मोबाइल बाजूला ठेवावा लागतो.

१५. पेन, बफर आणि धुवायचं पाणी अर्धा तास एकाच खोलीत शेजारीशेजारी ठेव — फ्रिजमधून काढलेलं बफर आणि उन्हातून आलेलं पेन यांचं जमत नाही.

१६. मे महिन्यात हे काम सकाळीच उरकून घे — पुडीवरचा आकडा २५ अंशांचा असतो. खोली ३५ अंशांवर गेली की ६.८६ ची पुडी खरं तर ६.८४ असते आणि ९.१८ ची ९.१० च्या आसपास उतरते.

१७. खोक्यावर "ऑटो टेंपरेचर" लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नकोस — ते पेनाच्या स्वतःच्या हिशेबातली तापमानाची चूक सुधारतं, बफर उन्हाने बदललं ते नाही.

१८. सुरुवात कायम ६.८६ पासून कर — इथे पेनाचा पाया जुळतो. पायाच वाकडा असेल तर वरचं सगळं वाकडं.

१९. दुसरी पुडी तुझ्या पाण्याकडे बघून निवड; पाणी ७ च्या वर असेल तर ९.१८, खाली असेल तर ४.०१ — दोन बफरांच्या मधे आपलं पाणी बसलं पाहिजे, बाहेर राहिलं तर पेन अंदाज करायला लागतं. आपल्याकडे काळ्या दगडातून पाझरलेलं विहिरीचं पाणी बहुधा ७ च्या वरच असतं, तेव्हा तुला ९.१८ लागेल.

२०. एकाच पुडीवर भागवू नकोस — पहिली पुडी फक्त सुरुवातीची जागा सांगते. एका पीएचला पेन किती पावलं टाकतं ते दुसरीशिवाय कळत नाही. नव्या बोंडाचं पाऊल २५ अंशांना सुमारे ५९ मिलिव्होल्टचं, जुन्याचं आखूड पडत जातं. एका साक्षीवर निकाल, तो कच्चा निकाल.

२१. बफरमध्ये पेन हळूच दोनदा फिरव, मग सोडून दे आणि आकडा थांबेपर्यंत थांब — शेवटचा आकडा मिनिटभर हलला नाही की मगच बटण. ६.७९, ६.८२, ६.८४ असं चढत असताना बटण दाबलंस तर ती तुझी घाई पेनाने पाठ केली असं समज.

२२. बटण कधी, किती वेळ दाबायचं हे कंपनीच्या कागदावर वाच, व्हिडिओ बघून नाही — कुठे एकदा दाबायचं असतं, कुठे दाबून धरायचं, आणि स्वस्तातल्या जुन्या पेनाला तर बारीक स्क्रूच फिरवावा लागतो.

२३. एका बफरमधून दुसऱ्यात जाताना बोंड डिस्टिल्ड पाण्याने धू, टिश्यू टेकव, मगच पुढे — नाहीतर पहिल्याचे दोन थेंब दुसऱ्यात जातात आणि दोन्ही साक्षीदार आपसात बोलून घेतात.

२४. दोन्ही झाल्यावर पुन्हा एकदा ताज्या ६.८६ मध्ये बुडवून बघ, ६.८० ते ६.९० मध्ये काही दाखवलं तर खुशाल टाकीकडे वळ — या किमतीच्या पेनाकडून याहून जास्त मागायचं नसतं.

२५. डिस्टिल्ड पाणी "शुद्ध म्हणजे ७" समजून त्यावर पेन जुळवू नकोस — उघड्यावर राहिलं की तेही हवेतला कार्बन डायऑक्साइड पितं आणि ५.६ च्या आसपास उतरतं.

२६. लिंबू, खायचा सोडा, पानाचा चुना यांचा उपयोग एवढाच, की पेन जिवंत आहे का बघायचं — लिंबू २ च्या थोडं वर, खायच्या सोड्याचं पाणी ८.३ च्या आसपास, चुन्याची निवळी १२ च्या वर. तिन्हींना एकच आकडा दाखवलं तर पेन गेलं. पण या तिघांवर जुळवणी करणं म्हणजे गल्लीतल्या घड्याळावर एसटी पकडणं.

२७. जुळवणीच्या आधी ६.८६ मध्ये पेन काय दाखवत होतं ते कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात लिही, नंतरचं नाही — नंतर ते शहाण्यासारखंच बोलणार. आधी किती बहकलं होतं त्यावरून त्याचं वय कळतं.

२८. साधारण दोन-तीन आठवड्यांनी, सेल बदलल्यावर, आणि पाण्यात काहीही ओतायचं मनात आलं की त्याच्या आधी, जुळवणी कर — मनात आलं आणि पुड्या काढायचा कंटाळा आला, तर ओतायचाही कंटाळा कर, फायदाच आहे.

पेन शहाणं झालं. आता पाण्याकडे ये, आणि तुझ्या सकाळ-संध्याकाळच्या भांडणाकडे.

२९. ७.१ आणि ७.९ हे दोन्ही खरे असू शकतात — टाकी खिडकीत आहे, पाणवनस्पती भरपूर. दिवसा उजेडात त्या कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि पीएच चढतो, रात्री सगळेच श्वास सोडतात आणि तो उतरतो. म्हणून रोज एकाच वेळी मोज, सकाळची सकाळशी आणि संध्याकाळची संध्याकाळशी ताडून बघ. रोजचा उतारचढाव फार वाटला तर पाण्यात काही ओतण्याआधी खिडकीला पडदा लाव.

३०. पेन टाकीत बुडवण्यापेक्षा ग्लासभर पाणी बाहेर काढून मोज, टाकीतच मोजायचं तर आधी पंप आणि हीटर बंद कर — त्यांच्यातून विजेची बारीक गळती होत असेल तर आकडा उड्या मारतो, आणि तसं झालं तर इलेक्ट्रिशियनला अर्थिंग बघायला लाव, ते तुझ्यासाठीही बरं.

३१. बोअरचं किंवा विहिरीचं पाणी काढल्याकाढल्या मोजू नकोस, बादलीत रात्रभर उघडं ठेवून मोज — जमिनीखालून येताना त्यात विरघळलेला वायू असतो. तो उडून गेला की पीएच वर जातो, आणि टाकीत शेवटी तोच आकडा राहणार असतो.

३२. पावसात पागोळीचं पाणी धरून मोजशील तर आकडा बराच वेळ भटकेल, तेव्हा पेनाला दोष देऊ नकोस — त्या पाण्यात क्षारच इतके थोडे की काचेला धरायला काही मिळत नाही. टाकीतही ते थेट बदली नकोच. विहिरीच्या पाण्यात थोडं मिसळून घाल, कारण पीएच धरून ठेवणारे क्षार विहिरीच्याच पाण्यात आहेत.

३३. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की प्रत्येक खेपेचं पाणी टाकीत घालायच्या आधी मोज, आणि एका वेळी बादलीच्या पुढे जाऊ नकोस — धरण उशाला नि कोरड घशाला हे आपल्या शहापूर तालुक्याला नवीन नाही. टँकर आज एका विहिरीवरचा, परवा दुसऱ्या. मासा बिचारा दोन्ही गावची सोयरीक एका आठवड्यात कशी निभावणार?

३४. क्रॉफर्ड मार्केटमधून मासे आणलेस तर पिशवीतलं थोडं पाणी वेगळं काढून मोज आणि टाकीशी ताडून बघ — गंमत म्हणजे ते पाणी बहुधा आपल्याच तालुक्यातून गेलेलं असतं. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतं, भातसा नंतर आलं आणि आता सर्वांत जास्त तेच देतं. पण ते तलावाचं मऊ पाणी. तुझं विहिरीचं जड.

३५. पिशवी आधी बंदच पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगव, पण उघडल्यावर वेळ काढत बसू नकोस. टाकीचं पाणी थोडंथोडं मिसळ आणि मासा जाळीने उचलून टाकीत सोड, पिशवीचं पाणी मोरीत — लोकल, मग आसनगावहून गाडी, अशा प्रवासात त्या पाण्यात घाण साचलेली असते. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि निरुपद्रवी असलेला अमोनिया विषारी होतो.

३६. "७ चं ८ झालं, एकच तर वाढला" असं म्हणू नकोस — एका आकड्याचा फरक म्हणजे आंबटपणात दहापट. २५ अंशांना ७ पीएचच्या पाण्यात एकूण अमोनियापैकी विषारी भाग हजारात जेमतेम ६, तोच ८ ला शेकडा ५ च्या वर. म्हणून आकडा चढताना दिसला तर आधी खाणं कमी कर, खालचा गाळ काढ, बाटलीकडे जाऊ नकोस.

३७. घरात एक थेंबांचं रंगकिट ठेव आणि महिन्यातून एकदा पेनाचं म्हणणं त्याच्याशी ताडून बघ; रंग मात्र अंगणातल्या उजेडात बघ — ट्यूबलाइटखाली पोपटी आणि हिरवा एकच दिसतो. दोघांत अर्ध्या आकड्याचा फरक पडला तर पुन्हा पुड्यांकडे.

३८. पुस्तकातला आकडा गाठायच्या मागे लागू नकोस; गप्पी, मॉली तुझ्या विहिरीच्या पाण्यात मजेत राहतील, मऊ पाण्यातल्या टेट्राचा हट्ट सोड — आज वर, उद्या खाली अशा पाण्यापेक्षा थोडं "चुकीचं" पण ठरलेलं पाणी माशाला परवडतं. आकडा पळतो, मासा दमतो.

राहिलं ठेवणीचं. लोक पेन घेताना दहा दुकानं बघतात आणि ठेवताना कुठेही ठेवतात.

३९. टोपीत स्टोरेज सोल्यूशनचे चार-सहा थेंब घालून पेन उभं ठेव. ते संपलं तर दोन दिवस ४.०१ चं बफर चालेल, अगदीच नाही तर टाकीचं पाणी — डिस्टिल्ड मात्र कधीच नको, ते बोंडातले क्षार ओढून काढतं.

४०. बोंडावर चुन्याचा पांढरा थर बसला तर पाच-दहा मिनिटं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेव. शेवाळ किंवा तेलकटपणा असेल तर भांड्यांच्या साबणाच्या पातळ पाण्यात — ब्रश नको, टूथब्रश तर नकोच. मग धुऊन तासभर स्टोरेजमध्ये बुडव आणि पुन्हा जुळव.

४१. वीज गेली म्हणून पेनाचे बटणसेल काढून छोट्या टॉर्चला किंवा घड्याळाला लावू नकोस, आणि आकडा फिका दिसला की चारही एकदम बदल — अर्धमेला सेल आकडा दाखवतो, पण खरा नाही. महिनाभर माहेरी-सासरी जायचं असेल तर सेल काढून ठेव.

४२. वर्ष-दोन वर्षांनी पेन दुसऱ्या पुडीला ओळखेनासं होईल, किंवा दहा मिनिटं झाली तरी आकडा थांबणार नाही. तेव्हा त्याला औषधपाणी करत बसू नकोस, नवं घे — बोंडाचं आयुष्यच तेवढं असतं. वेगळा प्रोब बदलता येतो असं मीटर पुढच्या वेळी बघ, थोडं महाग पडलं तरी.

४३. पुड्या मागवशील तेव्हा ६.८६ च्या दोन जास्त मागव, संपते ती नेहमी तीच — आणि एक माझ्याकडे धाड, माझी मागच्या महिन्यातच संपली आहे.